अचानक सिझर झालं, लेक छान आहे, तरी मला मधूनच रडू का येतं?

रेवा_नाशिक

मैत्रिणींनो, इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लेक साडेचार महिन्यांची झाली, गुटगुटीत आहे, हसते, पालथी पडायला लागलीय, देवाच्या दयेने सगळं छान आहे. आणि सगळे मला हेच ऐकवतात, की सगळं छान आहे ना, मग तेच तेच काय उगाळत बसतेस.

नऊ महिने मला कसलाच त्रास नव्हता. बीपी नाही, शुगर नाही, बाळाचं डोकं खाली, पाणी व्यवस्थित. डॉक्टर स्वतः म्हणायच्या तुझी नॉर्मलच होणार. मीही त्याच तयारीत होते, गर्भसंस्काराचा क्लास, श्वासाचे व्यायाम, आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून आठव्या महिन्यापासून उकिडवं बसून फरशी पुसणं (हसू नका), नवव्यात रोज दुधात तूप. मग तारीख उलटली, ॲडमिट केलं, जेल लावलं, कळा सुरू झाल्या, दिवसभर सोसल्या, पण पिशवीचं तोंड चार-पाच सेंटीमीटरवर जे अडकलं ते पुढे सरकेचना. सलाईनमधून कळांचं औषध वाढवलं. संध्याकाळी पाणमोट फोडली तर पाणी हिरवट, बाळाने आत शी केलेली, आणि पोटाला पट्टा बांधलेल्या त्या मशीनवर ठोके खाली यायला लागले.

त्यापुढचं मला सलग आठवतच नाही, तुकडे आठवतात. एक सिस्टर नेलपेंट पुसतेय, दुसरी बांगड्या काढतेय, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हातावरून निघेनात म्हणून रुमाल गुंडाळून फोडल्या, तिसरी कागदावर सही मागतेय आणि नेमकी तेव्हाच कळ आलेली, त्यामुळे सही म्हणजे नुसता फराटा. चष्मा काढून आईकडे दिला. माझा नंबर चांगला जाड आहे, चष्म्याशिवाय मला समोरचं माणूस ओळखू येत नाही. आत गेल्यावर दोन्ही हात आडवे पसरून फळ्यांवर, दात कडाकडा वाजतायत, दुखत काहीच नाही पण आतून कुणीतरी ओढतंय ते सगळं कळतंय, जळका वास येतोय आणि कुणीतरी डॉक्टर दुसऱ्या कुणाला तरी कारच्या सर्व्हिसिंगचं सांगतायत. मग ती रडली. सिस्टरने वर धरून विचारलं, काय झालंय ते तुम्ही सांगा. आईनेच तोंडाने सांगायची पद्धत असते ना तशी. आणि मला नुसतं लालसर धूसर काहीतरी दिसतंय. मी म्हटलं चष्मा नाहीये, दिसत नाहीये. मग जवळ आणलं, मी मुलगी म्हणून टाकलं, कारण त्यांना घाई होती. खरं सांगायचं तर तेव्हाही नीट दिसलं नव्हतंच.

मी रिकव्हरीत होते तोपर्यंत बाहेर सगळ्यांचं तिला घेऊन झालं, आत्यांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, म्हणजे साताऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी माझ्या लेकीचं तोंड माझ्याआधी बघितलं. यावरून मला आजही इतकं रडू येतं, की स्वतःचीच लाज वाटते. गेल्या आठवड्यात चुलत नणंदेची नॉर्मल झाली, ग्रुपवर "शूर आमची पोरगी" वगैरे चाललेलं, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आणि डोक्यात एकच, खरंच गरज होती का? की माझ्याच्याने जमलं नाही? की त्यांना घाई होती? डॉक्टरांना जाऊन विचारावंसं वाटतं, पण त्यांना वाटेल मी संशय घेतेय. कुणाला असं झालंय का? किती दिवस राहतं हे?

मृण्मयी११

अगं रेवा, तुझं ते बाथरूममधल्या नळाचं वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि मी पण सेम नळ सोडून रडलेली आहे, आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंती इतक्या पातळ की तेवढाच उपाय होता.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू, भेटायला येणाऱ्यांचा. बाळाच्या हातावर पैसे ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, नॉर्मल का सिझर? आणि सिझर म्हटलं की अरेरे. कशाचं अरेरे? बाळ समोर झोपलंय, मी समोर बसलेय. एक काकू तर म्हणाल्या, बरं झालं बाई, तुला कळा सोसाव्या नाही लागल्या, सोपं झालं. मी कळा पण सोसल्या होत्या, पुरेपूर, आणि वर पोट पण फाडून घेतलं होतं, दोन्हींचं बिल मलाच. उठून बसायला कुशीवर वळून दोन्ही हातांनी पलंगाची कड धरायला लागत होती आणि शिंक आली की उशी पोटाशी दाबायची. यात सोपं काय ते मला अजून कळलेलं नाही.

त्यात दूध यायला वेळ लागला. सिझरनंतर कधीकधी एखाद-दोन दिवस उशीर होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासरी लगेच सिझर म्हणजे दूध कमी असं ठरवून मोकळे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, मी नुसती खातेय आणि रडतेय. मुलाला जवळ घेतलं की जे वाटायला हवं म्हणतात ते मला बरेच दिवस वाटलंच नाही. कुणाचं तरी मूल सांभाळायला दिलंय आणि नीट सांभाळायचंय, एवढंच वाटायचं. हे मी नवऱ्याला सुद्धा सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात शेवटी समुपदेशकाकडे गेले, तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्या बाईंनी एकच विचारलं, की बाळ सुखरूप असल्याचा आनंद आणि जे झालं त्याचं दुःख यातलं एकच निवडायला तुला कुणी सांगितलंय? मला अख्ख्या गावाने सांगितलं होतं ना पण.

डॉक्टरांना विचार. नक्की विचार. संशय वाटला तर वाटू दे.

रोखठोक

राग मानू नका, पण पूर्वी याच परिस्थितीत आई आणि मूल दोघंही जायची. आमच्या आजीच्या बहिणीचं तसंच झालं. हिरवं पाणी, ठोके कमी, आणि तरी नॉर्मल झाली नाही म्हणून दुःख? दुसरीकडे हेही खरं की खाजगी दवाखान्यांनी धंदा मांडलाय. सरकारचाच २०१९-२१ चा कुटुंब आरोग्य सर्व्हे बघा, देशात सरकारी दवाखान्यांत १४ टक्के सिझर आणि खाजगीत ४७ टक्के. महाराष्ट्रात एकूण २५ टक्क्यांच्या वर. तेव्हा तुमची शंका अगदीच चुकीची नसेल. पण आता जे झालं ते झालं, बाळाकडे बघा आणि पुढे चला.

मृण्मयी११

@रोखठोक, म्हणजे पहिल्या तीन वाक्यांत तिने ऑपरेशनचे उपकार मानायचे, पुढच्या चारमध्ये फसवलं गेल्याची शंका घ्यायची आणि शेवटच्या वाक्यात दोन्ही विसरून जायचं? चार ओळींत तिची पूर्ण गोची करून दाखवलीत. ती नॉर्मल झाली नाही म्हणून रडत नाहीये हो, परत वाचा.

गुंगीवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूरकडे प्रॅक्टिस करते. सिझरच्या वेळी बाईच्या डोक्याशी जी उभी असते ना, ती मी. त्यामुळे रेवाताई, तुमच्या तुकड्यांतले थोडे तरी मी जोडून देऊ शकते.

दात वाजणं हे भीतीने नाही (भीती असतेच, पण तेवढ्याने नाही). पाठीतल्या इंजेक्शनने खालच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, शरीराची ऊब बाहेरच्या बाजूला पसरते, त्यात ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) एसी, म्हणून हुडहुडी भरते. बऱ्याच जणींना होतं. ओढल्यासारखं जाणवणं पण तसंच, या भुलीने दुखणं जातं, स्पर्श आणि दाब पूर्ण जात नाही. मी आधीच सांगते, की ताई आता कुणीतरी पोटावर जोरात दाबल्यासारखं वाटेल, श्वास घ्या. आधी सांगितलं तर बायका शांत असतात आणि न सांगता झालं तर त्यांना वाटतं भूल उतरली. जळका वास म्हणजे रक्तस्राव थांबवायला लहान शिरा डागतात त्याचा. आणि हात पसरून ठेवतात ते एका हाताला सलाईन आणि दुसऱ्याला बीपीचा पट्टा असतो म्हणून. या प्रत्येक गोष्टीला एकेक वाक्य पुरलं असतं. घाईच्या केसमध्ये तेवढंच राहून जातं आणि नंतर राऊंडला टाके बघून, ताप बघून, दूध येतंय का विचारून आम्ही पुढच्या पलंगाकडे. कारच्या सर्व्हिसिंगबद्दल काय बोलू, असं चालतं हे खरं आहे आणि ते चालू नये.

गरज होती का, हे तुमचे कागद न बघता मी सांगणार नाही. फक्त एवढं, नुसतं चार-पाच सेंटीमीटरवर हळू चालणं हे एकट्याने सिझरचं कारण होत नाही. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की तासाला एक सेंटीमीटर हा जुना नियम सगळ्यांना लावू नका, खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटीमीटरपासून पुढे धरा. पण त्यात हिरवं पाणी आणि घसरणारे ठोके आले की चित्र बदलतं, तिथे थांबून बघू म्हणणं कुठल्याही डॉक्टरला अवघड जातं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं कारण लिहिलेलं असेल, ते आधी बघा. पूर्ण पेपर हवे असतील तर लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे आणि रेकॉर्ड ३ वर्षं ठेवावंच लागतं, म्हणजे तुम्हाला भरपूर वेळ आहे. ठोक्यांची पट्टी मिळाली तर डॉक्टरांसमोर ठेवून विचारा की नेमकं कुठे ठरवलंत. "गरज होती का" असं विचारलं तर समोरचा बचावात जातो, "मला त्या तासाभरात काय झालं ते क्रमाने सांगाल का" असं विचारा, आमच्यातले बहुतेक जण मग खुर्ची पुढे ओढून बोलतात.

आणि एक, साडेचार महिने झालेत म्हणून लिहिते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि आपोआप ओसरतं. त्यानंतरही झोप मिळत असून झोप लागत नसेल, ओटीतलं तेच दृश्य आपसूक डोळ्यांसमोर येत असेल, दवाखान्याच्या रस्त्याने जायलाही नको वाटत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर ते दाखवायला हवं. एडिनबर्ग स्केल म्हणून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची सोपी चाचणी आहे, १९८७ पासून जगभर वापरतात, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा लसीकरणाला जाता त्या बाळाच्या डॉक्टरांना सांगा की मला ती करायची आहे. औषध लागलंच तर अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. आणि रात्री-बेरात्री अगदीच असह्य झालं, स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा (मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या वेळी घरात एकटीने बसू नका, कुणालातरी उठवा.

सुनंदाताई

रेवा, मी तुझ्या आईच्याही वयाची असेन. माझं पहिलं बाळंतपण १९८३ सालचं, सांगलीजवळ. तेव्हा पूर्ण भूल द्यायचे, जाग आली तेव्हा मुलगा झाल्याचं मला दाईने सांगितलं. पोटावर बेंबीखाली उभा वण, अजून आहे. घरी आल्यावर चुलत सासूबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, हिला बाळंत होता येत नाही. मी मराठी शाळेत शिक्षिका, वर्गात चाळीस पोरं गप्प बसवायची, पण त्या दिवशी तोंडातून अक्षर निघालं नाही. पाचवीच्या पूजेला मला पाटावर बसवत नव्हतं, तर त्याचंही बोलणं ऐकलं.

सुनेचं असंच ऐन वेळी सिझर झालं, तेव्हा मी दवाखान्याच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचे, वजन विचारा, कुणासारखा दिसतो विचारा, कसं झालं ते विचारायचं नाही. दोन-तीन जणी रुसल्या. रुसू देत. आणि बाळाला आधी तिच्याकडे दिल्याशिवाय कुणी फोटो काढायचा नाही असंही सांगितलं होतं, मुलाच्या आत्याने तोंड वाकडं केलं होतं तेव्हा. तुझ्याकडे असं कुणी दाराशी बसलं नाही याचं वाईट वाटतं गं.

लेस्टरवरून_नेहा

इकडे यूकेत माझं पण असंच, रात्री अडीचला ठरलं आणि तीनला मुलगी हातात. नवरा माझ्या शेजारी बसू शकला, इकडे सोबत एक माणूस आत येऊ देतात, त्याचा खूप फरक पडला असं मला वाटतं, कारण मला जे आठवत नाही ते त्याला आठवतं. तरीपण नंतर मला दारावरची बेल वाजली तरी दचकायला व्हायचं, कारण ओटीत असाच कुठलातरी अलार्म वाजला होता.

इथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत एक सोय असते, डिलिव्हरीनंतर काही महिन्यांनी सुद्धा तुम्ही जाऊन एका मिडवाइफबरोबर (प्रशिक्षित सुईणीबरोबर) बसायचं आणि ती तुमची फाईल उघडून पहिल्यापासून वाचून दाखवते, किती वाजता कोण आलं, काय ठरलं. मी मुलगी सात महिन्यांची असताना गेले. जाताना वाटलेलं भांडण होईल. फाईलमध्ये लिहिलेलं होतं की मी दोनदा "नको" म्हणाले आणि मग "करा" म्हणाले. मला वाटत होतं मला कुणी विचारलंच नव्हतं! म्हणजे चांगलं वाटलं का तर तसंही नाही, पण आपण तिथे नुसत्या पडून नव्हतो हे कळलं. आपल्याकडे अशी खास सोय नसली तरी गुंगीवाली म्हणतायत तसं डॉक्टरांची वेळ घेऊन हे करता येईल, ओपीडीच्या गर्दीत नको, शेवटची अपॉइंटमेंट घे.

पुढच्या बाळाची काळजी मनात असेल तर तेही तेव्हाच विचारून घे. आडवा छेद असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर पुढची नॉर्मल होऊ शकते, प्रयत्न करणाऱ्यांपैकी दहातल्या साधारण सहा ते आठ जणींची होते असं मला इथे सांगितलं. जुना टाका उसवायचा धोका साधारण दोनशेत एक, म्हणून तातडीने सिझर करता येईल अशाच ठिकाणी जायचं आणि मध्ये पुरेसं अंतर ठेवायचं. मी दुसऱ्या वेळी सरळ ठरवून सिझर घेतलं आणि मस्त गाणी लावून केलं.

ठाण्याचा_बाबा

बायकांच्या धाग्यावर लिहितोय, चालेल ना. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं सांगतो. मला एक फॉर्म दिला ज्यावर आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असं छापलेलं होतं आणि सही करा म्हणाले, पेन चालत नव्हतं. नंतर बायको म्हणायची की तुम्ही कुणी मला काही सांगितलं नाही, आणि मी म्हणायचो अगं मला तरी कुठे कुणी सांगितलं. यावर आमची वर्षभर भांडणं झाली.

शेवटी एका रविवारी आम्ही माझ्या फोनचा कॉल लॉग आणि व्हॉट्सॲप काढून बसलो. आईला फोन किती वाजता केला, रक्तगटाचा मेसेज मित्राला कधी टाकला, मुलाचा पहिला फोटो कितीचा, सगळं वहीत लिहिलं. तिला वाटत होतं मुलगा तिच्याकडे चार तासांनी आला, तो दीड तासाने आला होता. यामुळे सगळं मिटलं असं नाही, पण एका गोष्टीवरचं भांडण तरी संपलं. रेवाताई, तुमच्या मिस्टरांचा फोन बदलला नसेल तर बघा.

रेवा_नाशिक

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, लसीचा ताप होता पिल्लूला. सगळं दोनदा वाचलं, सुनंदाताईंचं तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, पण त्याने फॅमिली ग्रुप म्यूट केला, स्वतःचा पण आणि माझा पण.

डिस्चार्ज कार्ड काढलं. फीटल डिस्ट्रेस (म्हणजे बाळाला आत त्रास) आणि मिकोनियम (तीच आतली शी) असं दोन्ही लिहिलंय. इतके दिवस ती फाईल कपाटात लसीच्या कार्डाखालीच होती, उघडायचा धीर होत नव्हता. कॉल लॉग पण बघितला. आणि काल आई सहज म्हणाली की सिस्टरनी रिकव्हरीत लेकीला दोनदा माझ्याजवळ आणलं होतं, गालाला गाल लावला होता, मी "थंडी वाजतेय तिला" असं काहीतरी बोलले पण होते. मला यातलं एक अक्षर आठवत नाही. बरं वाटावं का अजून वाईट, तेच कळेना. आईला विचारलं आधी का नाही सांगितलंस, तर म्हणाली तू विषय काढला की रडायचीस, म्हणून काढत नव्हते.

डॉक्टरांची शुक्रवारची शेवटची वेळ घेतलीय. गुंगीवाली, तुमचं "क्रमाने सांगाल का" हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवलंय, त्या दहा प्रश्नांचं पण विचारणार आहे कारण झोपेचं तुम्ही लिहिलंत ते माझंच आहे. रोखठोक, राग नाही, पण पुढे चला म्हणणं सोपं असतं हो, कुणीकडे ते पण सांगत जा.

मृण्मयी, तू ज्या समुपदेशकांकडे गेलीस त्या ऑनलाइन बघतात का? आणि बाळाला घेऊन बसलं तर चालतं का, कारण ही माझ्याशिवाय अर्धा तास पण राहत नाही.

मृण्मयी११

ऑनलाइन बघतात आणि बाळ चालतं, माझा तर अख्खा वेळ अंगावर पीत होता. फी आणि नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघ. पहिल्या वेळी जास्त पैसे घेतात, ते आधी विचारून घे.